सहाशे बावीस किलोवॅटची भीती आणि त्रेसष्ट अँपिअरचा हिशेब : पुण्यातील चौऱ्याऐंशी सदनिकांच्या सोसायटीचे भारगणित

या प्रकरणातील सोसायटी कागदावर उभी केलेली आहे. मात्र २०१० च्या सुमारास बांधलेल्या पुण्यातील मध्यम आकाराच्या कोणत्याही सोसायटीच्या मीटर रूममध्ये डोकावल्यास जे दृश्य दिसते, तेच तिच्यासाठी गृहीत धरले आहे. दोन इमारती, ८४ सदनिका, प्रत्येक सदनिकेचा मंजूर भार ५ किलोवॅट, आवाराच्या कोपऱ्यात महावितरणचे ३१५ केव्हीएचे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर; केव्हीए हे त्याच्या क्षमतेचे माप, येथे ढोबळमानाने किलोवॅटच्या जवळचे) आणि त्यावरून येणारे एकच मुख्य पॅनेल अशी ही रचना आहे. वाहनतळात आजमितीस ९ विजेच्या मोटारी आणि २२ विजेच्या स्कूटर आहेत. तिघांनी स्वतःच्या मीटरवरून वायर खाली आणून पंधरा अँपिअरचे सॉकेट बसवून घेतले आहे. चौथ्याने ७.४ किलोवॅटच्या चार्जरसाठी अर्ज केला आणि तेथून कार्यकारिणीत वादाला तोंड फुटले.

वादाचे मूळ दोन आकड्यांत होते. एका ठेकेदाराने प्रत्येक सदनिकेला एक चार्जर याप्रमाणे ८४ ला ७.४ ने गुणून ६२२ किलोवॅट हा आकडा काढला, त्यावर १.२५ चा सुरक्षा गुणक लावला आणि ७७७ किलोवॅटची गरज दाखवून नव्या उपकेंद्राचा प्रस्ताव पुढे केला. गुणाकार बरोबर होता, पण गुणक भलत्या ठिकाणी लावला होता. २०१९ मध्ये केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने आदर्श इमारत उपविधींत जी दुरुस्ती केली, तिच्यात वाहनतळाच्या क्षमतेच्या २० टक्के वाहनांसाठी चार्जिंगची सोय असावी आणि ती सर्व केंद्रे एकाच वेळी चालतील असे धरून त्यावर १.२५ चा गुणक घ्यावा, असे सांगितले आहे. म्हणजे ८४ जागांपैकी १७ जागा, त्यांचे १२६ किलोवॅट आणि गुणकासह सुमारे १५७ किलोवॅट. शिवाय ही तरतूद नवी इमारत उभारताना भिंतीत नळ्या आणि पॅनेलमध्ये जागा ठेवता यावी म्हणून केलेली आहे. उभ्या इमारतीला आज किती वीज लागेल, या प्रश्नाचे उत्तर तिच्यातून निघत नाही.

दुसरा आकडा अध्यक्षांचा होता. ८४ सदनिका गुणिले ५ किलोवॅट म्हणजे ४२० किलोवॅट मंजूर भार, आणि रोहित्र मात्र ३१५ केव्हीएचे. तेव्हा रोहित्र आधीच ओसंडून वाहत आहे, आता त्यावर एकही चार्जर नको, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद सोसायट्यांच्या सभांमध्ये हमखास ऐकू येतो आणि तो ऐकायला निर्विवादही वाटतो. परंतु मंजूर भार म्हणजे ग्राहकाने जास्तीत जास्त किती वीज ओढावी याची परवानगी असते, आणि सर्व ग्राहक ती परवानगी एकाच क्षणी कधीही वापरत नाहीत. एका घरातील गिझर चालू असतो तेव्हा दुसऱ्या घरातील माणसे गावाला गेलेली असतात. रोहित्राचा आकार ठरवताना ही विविधता आधीच गृहीत धरलेली असते. त्यामुळे शिल्लक क्षमता किती, हे मंजुरीच्या कागदांवरून न काढता प्रत्यक्ष मोजूनच काढावे लागते.

मोजणी फेब्रुवारीत की मे महिन्यात

सल्लागाराने मुख्य पॅनेलच्या तिन्ही फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या आर, वाय आणि बी या तीन तारांवर, नोंदयंत्र लावले. फेब्रुवारीतील एका आठवड्यात कमाल मागणी ११८ केव्हीए भरली आणि ती सकाळी सव्वासातला, म्हणजे गिझरच्या वेळेला नोंदली गेली. रोहित्र ८० टक्क्यांपर्यंतच भारित करायचे ठरवले, तर २५२ केव्हीए वापरता येतात, म्हणजे १३४ केव्हीए शिल्लक. कार्यकारिणीला हा आकडा इतका आवडला की ठराव तेथेच होऊ घातला होता. तो थांबवला गेला, हे या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल मानावे लागेल.

कारण पुण्यातील निवासी इमारतीचा भार ऋतूप्रमाणे वाढतो, एवढेच नाही. त्याची वेळही सरकते. उन्हाळ्यात गिझर बंद होतात आणि शयनगृहांतील एसी सुरू होतात, आणि तेही रात्री जेवणे आटोपल्यावर, दहा ते बाराच्या दरम्यान. विजेच्या मोटारी रात्री चार्ज होतील, तेव्हा इमारत झोपलेली असेल, हे वाक्य फेब्रुवारीत खरे असते. मे महिन्यात मध्यरात्रीपर्यंत ते खोटे ठरते. मे उजाडेपर्यंत थांबायचे नसेल, तर सर्व सदनिकांच्या बिलांतील युनिटची बेरीज घेऊन दोन महिन्यांचे गुणोत्तर काढता येते. येथे ते १.३८ आले, त्यावरून मे महिन्याचा अंदाज १६३ केव्हीए निघाला. नंतर मे महिन्यात प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा एका शनिवारी रात्री १० वाजून ४० मिनिटांनी १६८ केव्हीए नोंदले गेले. युनिटचे गुणोत्तर आणि कमाल मागणीचे गुणोत्तर एकच असते, असा याचा अर्थ नव्हे. एसीचा वापर थोड्या तासांत एकवटलेला असल्यामुळे मागणी युनिटपेक्षा अधिक वेगाने वाढू शकते, म्हणून अंदाज हा अंदाजच समजून मोजणी करावीच लागते.

शिल्लक आता ८४ केव्हीएवर आली. पण तीही खरी शिल्लक नव्हती.

तीन फेज, तीन वेगळ्या गोष्टी

केव्हीएचा आकडा तिन्ही फेजची बेरीज सांगतो आणि त्या बेरजेत असमतोल लपतो. रोहित्राचे वेटोळे तापते ते त्याच्या स्वतःच्या प्रवाहाने, शेजारच्या फेजवर किती जागा मोकळी आहे याचा त्याला उपयोग नसतो. म्हणून यापुढील हिशेब अँपिअरमध्ये केला. ३१५ केव्हीएच्या आणि ४३३ व्होल्टच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह प्रत्येक फेजला ४२० अँपिअर येतो आणि त्याचे ८० टक्के ३३६ अँपिअर. त्या शनिवारी रात्रीच्या नोंदी आर फेजवर २७२, वाय फेजवर २२३ आणि बी फेजवर २०६ अँपिअर अशा होत्या. म्हणजे शिल्लक अनुक्रमे ६४, ११३ आणि १३० अँपिअर.

७.४ किलोवॅटचा चार्जर एकाच फेजवरून ३२ अँपिअर घेतो. आर फेजवरच्या सदनिकाधारकांनी स्वतःच्या मीटरवरून असे चार्जर बसवले, तर दोनच चार्जरनंतर त्या फेजची मर्यादा संपते आणि तिसऱ्याला नकार द्यावा लागतो, बी फेजवर मात्र चार जणांना मुभा राहते. कोणाचे मीटर कोणत्या फेजवर आहे हे इमारत बांधताना वायरमनने ठरवलेले असते, त्यात रहिवाशाचा काहीच संबंध नसतो. पहिला आला त्याला मिळाले, नंतरचा राहिला, असा प्रकार सहकारी संस्थेत फार काळ चालत नाही. ज्याने नकार ऐकला तो तक्रार घेऊन पुढे जातोच. स्वतःच्या मीटरवरून चार्जर घेण्याच्या मार्गात आणखी एक अडचण आहे: ५ किलोवॅट मंजूर भाराच्या मीटरवर ७.४ किलोवॅटचा चार्जर आधीच मर्यादेबाहेर असतो, मग वर घरातला एसी चालू असो वा नसो.

काही सदनिका आर फेजवरून बी फेजवर हलवल्या, तर तिन्ही फेज २३४ अँपिअरच्या आसपास येतील आणि प्रत्येकीवर सुमारे १०० अँपिअर मोकळे होतील. हे काम करण्यासारखे आहे, पण मीटरच्या पेट्या महावितरणच्या सीलबंद असतात, त्यामुळे ते सोसायटीच्या वायरमनने परस्पर उरकण्याचे काम नाही. म्हणून नियोजन आजच्या असमतोलावर केले. प्रत्येक फेजला ६३ अँपिअर, म्हणजे एकूण सुमारे ४५ किलोवॅट, एवढीच मर्यादा मोटारींसाठी धरली.

किलोवॅट किती, आणि युनिट किती

सभेत ४५ किलोवॅट हा आकडा सांगताच प्रतिक्रिया ठरलेली होती: एवढ्यात जेमतेम सहा चार्जर चालतील. पाच वर्षांनंतरच्या तीस मोटारींचे काय?

येथे प्रश्न उलट्या बाजूने विचारावा लागतो. चार्जर किती ताकदीचा, याच्या आधी मोटारीला दिवसाकाठी किती ऊर्जा लागते, हे पाहावे. शहरात रोज सरासरी ३५ किलोमीटर धावणारी मध्यम आकाराची मोटार धरली आणि चार्जिंगमधील गळतीसह भिंतीवरच्या मीटरवर किलोमीटरला १६० वॅट-तास पडतात असे मानले, तर रोजची गरज ५.६ युनिट येते. तीस मोटारींची मिळून १६८ युनिट. ४५ किलोवॅटच्या वाहिनीला हे काम पावणेचार तासांचे आहे. रात्रीचे बाकीचे सर्व तास ती वाहिनी रिकामी पडून राहील.

सरासरीवर विसंबणे मात्र धोक्याचे असते, म्हणून सर्वांत वाईट रात्र शोधली. गणपतीला कोकणात निघण्याच्या आदल्या रात्री मोटारी काठोकाठ भरल्या जातात खऱ्या, पण तेव्हा पावसाळा असतो आणि एसी कमी चालतात. खरी कसोटी ३० एप्रिलच्या रात्री लागते, विशेषतः महाराष्ट्र दिनाची सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली असेल तेव्हा. त्या रात्री १२ मोटारींना प्रत्येकी २५ युनिट आणि उरलेल्या १८ मोटारींना नेहमीचे ५.६ युनिट हवे असे धरले, तर एकूण ४०१ युनिट होतात. रात्री नऊ ते सकाळी सात या दहा तासांत ४५ किलोवॅटची वाहिनी ४५० युनिट देऊ शकते. मोकळीक थोडी आहे, पण आहे. पहाटे चारलाच निघणाऱ्याला प्राधान्य कसे द्यायचे, हा प्रश्न नियमावलीचा आहे, भाराचा नाही.

अर्थात हे गणित कोणीतरी वाटप करत असेल तरच जुळते. वाटपाविना काय होईल, हेही मांडून पाहिले. बहुतेक लोक रोज चार्ज करत नाहीत. तीनपैकी एक मोटार एका रात्री जोडली जाते असे धरले, तर दहा मोटारी प्रत्येकी १७ युनिट मागतात आणि ७.४ किलोवॅटने त्यांना प्रत्येकी सव्वादोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. लोक सात ते दहाच्या दरम्यान विखरून घरी येत असल्यामुळे एकाच वेळी सात-आठ चार्जर चालू राहतील, म्हणजे ५५ किलोवॅटच्या आसपास. आता समजा सर्वांना बाराचा टायमर लावायला सांगितले. दहाही चार्जर ठीक बाराच्या ठोक्याला सुरू होतील आणि मागणी ७४ किलोवॅटवर जाईल. जी विविधता लोकांच्या अनियमित सवयींमुळे आपोआप मिळत होती, ती शिस्तीने नष्ट केली. वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरांचाही असाच परिणाम होऊ शकतो. केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने सौर तासांतील दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवण्याचे धोरण आणले आहे. घरी असलेल्या मोटारींसाठी दुपारचे चार्जिंग लाभाचे आणि रोहित्राच्या दृष्टीनेही सोयीचे आहे, फक्त स्वस्त तास सुरू होताच सर्वांनी एकदम झडप घालू नये एवढी व्यवस्था हवी.

सहा अँपिअरचा आधार

निवड झाली ती भार वाटून देणाऱ्या नियंत्रकाची, आणि तिच्यामागे एक तांत्रिक कारण आहे जे कार्यकारिणीला समजावून सांगण्यात सर्वाधिक वेळ गेला. प्रत्यावर्ती प्रवाहाचा (एसी) चार्जर आणि मोटार यांच्यात एक हजार हर्ट्‌झचा एक संकेत सतत चालू असतो. त्या संकेताच्या स्पंदाची रुंदी बदलून चार्जर मोटारीला सांगतो की जास्तीत जास्त किती प्रवाह घ्यायचा. स्पंद दहा टक्के रुंद असेल तर ६ अँपिअर, सुमारे ५३ टक्के असेल तर ३२ अँपिअर. चार्जरमधून वाहणारा प्रवाह असा पाण्याच्या तोटीसारखा कमी-जास्त करता येतो, आणि या पद्धतीत चालू चार्जिंगची किमान पायरी ६ अँपिअर आहे.

आता तीस मोटारी तिन्ही फेजवर दहा-दहा वाटल्या आणि त्या सर्वच्या सर्व एकाच वेळी जोडल्या गेल्या, तरी प्रत्येकीला ६ अँपिअर देता एका फेजवर ६० अँपिअर होतात. मर्यादा ६३ ची आहे. म्हणून तीस हा आकडा या वाहिनीची नैसर्गिक सीमा ठरतो. दुसरा लाभ बिघाडाच्या वेळचा: नियंत्रक आणि चार्जर यांच्यातील संपर्क तुटला, तर प्रत्येक चार्जरने आपणहून ६ अँपिअरवर उतरावे अशी अट निविदेत घातली. त्यामुळे नियंत्रण पूर्ण कोलमडले तरी वाहिनी भरून वाहत नाही. संपर्क तुटल्यावर पूर्ण ३२ अँपिअरवर जाणारे चार्जर स्वस्त मिळाले तरी येथे निरुपयोगी आहेत.

मुख्य पॅनेलवर प्रवाह मोजणारी यंत्रणा कायमची बसवून प्रत्येक फेजची ३३६ अँपिअरची मर्यादा नियंत्रकाला कळवली. पुढील उन्हाळ्यात आणखी वीस घरांत एसी आले, तर मोटारींचा वाटा आपोआप आक्रसेल. अग्निशमन पंप सुरू होताच चार्जिंगची वाहिनी तुटेल अशी जोडणीही केली. वीज जाऊन आल्यावर सर्व एसी आणि सर्व चार्जर एकत्र उसळी घेतात, म्हणून चार्जरनी काही मिनिटे आणि तेही वेगवेगळ्या विलंबाने सुरू व्हावे, असे ठरवले. जनित्रावर चार्जिंग घ्यायचे नाही, यावर चर्चाही झाली नाही.

८० टक्क्यांची मर्यादा इतकी काटेकोर कशाला, रोहित्र थोडा वेळ जास्त भार सहन करतेच की, असा आक्षेप एका निवृत्त अभियंत्याने घेतला. तो चुकीचा नव्हता. परंतु निवासी रोहित्र आजवर टिकत आले ते मध्यरात्रीनंतर त्याला मिळणाऱ्या विश्रांतीमुळे. भार उतरतो, हवा गार होते, तेल निवते. विजेच्या मोटारी नेमके तेच विश्रांतीचे तास भरून काढतात. वेटोळ्यावरील साध्या कागदी आवरणाचा जीर्ण होण्याचा वेग सर्वाधिक तप्त बिंदूचे तापमान दर ६ अंशांनी वाढले की दुप्पट होतो, असे या विषयाचे मान्य गणित आहे. सपाट भारावर चालणाऱ्या रोहित्राला चढ-उतार असलेल्या रोहित्राचे निकष लावणे म्हणूनच योग्य नाही.

केबल आणि न्यूट्रल

मुख्य पॅनेलपासून दूरच्या इमारतीचा वाहनतळ ९० मीटरवर आहे. ठेकेदाराने साडेतीन गाभ्यांची ॲल्युमिनियम केबल सुचवली होती. तिच्यात न्यूट्रलचा, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेचा, गाभा फेजच्या जवळपास निम्म्या जाडीचा असतो. पंपासारख्या तीन फेजच्या भाराला ती चालते, पण येथे प्रत्येक मोटार एकाच फेजवर आहे. आर फेजवरच्याच मोटारी जोडलेल्या असतील त्या रात्री फेजचा संपूर्ण प्रवाह न्यूट्रलमधूनच परत येतो. म्हणून चारही गाभे सारख्या जाडीचे, प्रत्येकी ७० चौरस मिलिमीटरचे घेतले. तप्त अवस्थेत या गाभ्याचा रोध किलोमीटरला सुमारे ०.५७ ओहम धरला, तर ६३ अँपिअरला ९० मीटरमध्ये ३.२ व्होल्ट पडतात आणि एकाच फेजवर भार असताना न्यूट्रलसह ६.४ व्होल्ट, म्हणजे २.७ टक्के. शेवटच्या टप्प्यात २५ मीटरसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घेतली तर ३२ अँपिअरला आणखी २.५ टक्के पडतात आणि बेरीज ५ टक्क्यांच्या पुढे जाते. १० चौरस मिलिमीटरच्या वायरने तीच घट दीड टक्क्यावर येते. म्हणून जवळच्या जागांना ६ आणि लांबच्या जागांना १० असे ठरले. ५० चौरस मिलिमीटरची मुख्य केबलही आज पुरली असती. पण फेज समतोल झाल्यावर मर्यादा १०० अँपिअरवर नेता यावी आणि चर पुन्हा खणावा लागू नये, यासाठी जाडी वाढवली.

चार्जरचा भार तासन्‌तास पूर्ण क्षमतेने चालतो, हे घरगुती वायरिंगच्या सवयीत बसत नाही. ३२ अँपिअरच्या चार्जरला ३२ चा एमसीबी (भार वाढताच आपोआप पडणारा स्विच) लावला आणि असे दहा एमसीबी मे महिन्यात एका बंद पेटीत खेटून बसवले, तर ते एकमेकांना तापवून विनाकारण पडतात. ४० चे घेतले आणि वायर त्या मानाने तपासली. प्रत्येक केंद्राला ३० मिलिअँपिअरचे स्वतंत्र गळती-संरक्षण दिले. मोटारीच्या बाजूने एकदिश (डीसी) प्रवाहाची गळती झाल्यास साधे, केवळ प्रत्यावर्ती गळती ओळखणारे उपकरण आंधळे होते, म्हणून ६ मिलिअँपिअर एकदिश गळती ओळखणारी सोय चार्जरमध्येच असावी असा आग्रह धरला.

स्कूटरचा प्रश्न आकाराने लहान, पण संख्येने मोठा. एक स्कूटर साधारण पाऊण किलोवॅट, म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या आसपास घेते आणि रोज तीसेक किलोमीटर धावली तर एक युनिट खाते. चाळीस स्कूटरचे नियोजन केले आणि त्यांतील निम्म्या एका वेळी चालू राहतील असे मानले. त्यांची सॉकेटे वाय आणि बी या मोकळ्या फेजवरच घेतली, प्रत्येकीवर ३३ अँपिअर. मोटारींचे ६३ वजा केल्यावर तेथे ५० आणि ६७ उरत होते. यामुळे असमतोलही थोडा भरून निघाला.

वीजजोडणी वेगळी घेण्याचे ठरले. ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर ग्राहकांना आणि सोसायट्यांना चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. तिच्यामुळे चार्जिंगचे बिल सामायिक मीटरमध्ये मिसळत नाही. ४५ किलोवॅटचा अर्ज, त्यासोबत मे महिन्याच्या फेजनिहाय नोंदी आणि नियंत्रकाची मर्यादा जोडून महावितरणकडे पाठवण्यात आला. रोहित्र महावितरणचे असल्यामुळे शिल्लक क्षमतेवरील अंतिम शब्दही त्यांचाच. पहिल्या टप्प्यात १२ केंद्रे बसतील, वाहिनी मात्र तीसची टाकली जाईल. स्वतःच्या मीटरवरची तीन जुनी सॉकेटे सहा महिन्यांत बंद करून नव्या वाहिनीवर घ्यायची आहेत.

ठरावात पुनर्विचाराची अटही लिहिली आहे. जोडलेल्या मोटारींपैकी एखादी पहाटे पाच वाजता अपुऱ्या वाटपामुळे मालकाने मागितलेल्या पातळीखाली राहिली, तर ती रात्र नोंदवायची. एका महिन्यात अशा पाच रात्री भरल्या की आधी सदनिकांच्या फेज समतोलासाठी अर्ज करायचा, मर्यादा १०० अँपिअरवर न्यायची, आणि त्यानंतरही रात्री भरत राहिल्या तरच ६३० केव्हीएच्या रोहित्राचा विषय सर्वसाधारण सभेपुढे आणायचा.